छतावर न गेलेली समिती

हरित भवन समितीची पहिली बैठक मे महिन्यात झाली आणि मी तिला शाल घेऊन गेले. बाहेर भोपाळच्या उन्हात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. आत कॉन्फरन्स हॉलच्या सगळ्या खिडक्या कधीच्या प्लायवूड ठोकून बंद केलेल्या, आणि एसी असे चालू की चहा हातात येईपर्यंत कोमट व्हायचा. त्या अंधाऱ्या थंडीत पडद्यावर एक चित्र दाखवलं गेलं. काचेची उंच इमारत, तिच्या प्रत्येक सज्जातून झाडं डोकावताहेत, खाली एक बाई मुलाला सायकल शिकवते आहे. बाई भोपाळची वाटत नव्हती. सगळे झाडांकडे बघत होते. मी सावली कुठे पडली आहे ते बघत होते. निम्म्याहून जास्त काच पश्चिमेला होती.

ही इमारत कुठे उभी राहणार, असं कुणी विचारलं नाही, कारण ते कार्यक्रमपत्रिकेतच छापलं होतं: आमच्या ब्लॉकच्या जागेवर.

माझे वडील नागपूरहून भोपाळच्या या सरकारी कारखान्यात नोकरीला आले. मी कारखान्याच्या टाउनशिपमध्येच वाढले आणि डिप्लोमा करून टाउनशिपच्याच मेंटेनन्स विभागात लागले. वडील गेल्यावर मी आणि आई त्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहत होतो. तीन मजले, चोवीस क्वार्टर्स. कारखान्याच्या सुरुवातीच्या दिवसांत बांधलेला ब्लॉक: जाड भिंती, खोल छज्जे, समोरासमोर खिडक्या, जिन्याला विटांची जाळी. ज्यांनी तो बांधला त्यांना 'हरित' वगैरे काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की इथे राहणाऱ्या कारकुनाला कूलरसुद्धा परवडणार नाही, तेव्हा निदान वारा तरी आरपार जाऊ द्यावा.

नव्या इमारतीत राहायची घरं नव्हती. अतिथिगृह, सभागृह आणि प्रशिक्षण केंद्र होतं. म्हणजे चोवीस कुटुंबांनी कोटऱ्यात, नेहरू नगरात किंवा कोलार रोडला भाड्याची घरं शोधायची आणि परत यायचं नाही. त्यासाठी आधी ब्लॉक कंडम ठरवायला हवा होता. कंडमच्या कागदावर तीन सह्या लागतात: संपदा म्हणजे इस्टेट अधिकाऱ्याची, विद्युत विभागाची आणि सिव्हिल मेंटेनन्सची. तिसरी सही माझी होती. समितीचे अध्यक्ष, आमचे साहेब, पुण्याचे होते. देखणे, मृदू बोलणारे, भाषण लिहून आणणारे. त्यांनी मला बैठकीनंतर मराठीत सांगितलं, "मॅडम, तुमची फॉर्मॅलिटी आहे. पावसाळ्यात पाहणी होईल, मग बघू." आजवर माझी सही फॉर्मॅलिटीच असायची, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आमचं ऑफिस पाण्याच्या टाकीमागे दोन खोल्यांत होतं. एका खोलीत पाइप, दुसरीत मी. मोठ्या लोकांच्या भाषणांत इमारती आपोआप टिकतात. माझ्या अनुभवात इमारत टिकते ती कुणीतरी दरवर्षी ड्रेनेजचं झाकण उचलून आत बघतो म्हणून, टाकीचा फ्लोट अडकला तर वर चढून सोडवतो म्हणून. नळाचा एक वॉशर बदलला की बादलीभर पाणी वाचतं, ते वर चढवणारा पंप तेवढा कमी चालतो, आणि त्या पंपासाठी कुठल्यातरी वीजघरात जळणारा कोळसा तेवढा कमी जळतो. पण वॉशरचं उद्घाटन करता येत नाही. फीत बांधायला जागाच नसते.

हे सगळं मला शिकवलं ते आमच्या मिस्त्रींनी. जुन्या भोपाळचे, साठीला टेकलेले. मला मॅडम म्हणत, पण असं म्हणत की त्यात 'बेटा' ऐकू यायचं. काचेच्या इमारतीचं चित्र मी त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"मैडम, इस शीशे को पोंछेगा कौन?"

"समितीत हा विषय निघाला नाही."

"हओ. तो फिर हमीं पोंछेंगे. रिटायरमेंट के बाद बुला लेंगे."

पाहणी ऑगस्टमध्ये झाली. बाहेरून तीन सल्लागार आले. त्यांच्याकडे छान कॅमेरे होते. वरच्या मजल्यावरच्या आठपैकी सात घरांच्या छतांचे त्यांनी फोटो काढले: पिवळे डाग, फुगलेला रंग, एका ठिकाणी प्लास्टर पडून उघडी पडलेली गंजकी सळई. अहवाल दसऱ्यानंतर आला. जाड कागद, हिरवं कव्हर. निष्कर्ष असा की छताचा स्लॅब पूर्णपणे पाणी प्यायलेला आहे, दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला आहे, इमारतीचं आयुष्य संपलं आहे. शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, एक वाक्य होतं: छतावर प्रवेश उपलब्ध नव्हता, सबब निरीक्षण खालून केले आहे.

छताचा अहवाल छतावर न जाता. आणि प्रवेश उपलब्ध नसण्याचं कारण असं की छताच्या दाराची किल्ली आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची, आणि त्या आठवड्यात आई नागपूरला एका बारशाला गेली होती. घराला कुलूप होतं. मी ऑफिसात, पायी पाच मिनिटांवर. कुणी फोन केला नाही. किल्ली मागायला गेलं असतं तर छतावर जावं लागलं असतं.

अहवाल हातात घेऊन मी मिस्त्रींना बोलावलं आणि आम्ही वर गेलो. पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते. छतावर अजून पाणी होतं. खूप नाही, पण एक बगळा निवांत उभा होता एवढं. कठड्याला लागून पिंपळाची दोन रोपं चांगली पोसलेली. चारही कोपऱ्यांत पाणी जायच्या मोरीपाशी, जिथे उतार संपतो तिथे, चिखल आणि पानांचा ढीग.

मिस्त्री पायजमा वर करून पाण्यात उतरले, ढिगात हात घातला आणि एक गाठोडं बाहेर काढलं. गोणपाटात गुंडाळलेली वीट.

"मैडम, ये बम किसने रखा?"

मला उत्तर माहीत होतं. गोणपाटाला बांधलेली नाडी माझ्या जुन्या परकराची होती.

नागपूरकडच्या माणसांना ऊन काय असतं हे कुणी शिकवावं लागत नाही. आईने ही रीत तिथून आणली होती आणि सगळ्या ब्लॉकला लावली होती. एप्रिल संपत आला की गोणपाटात विटा गुंडाळून छताच्या चारही मोऱ्या बंद करायच्या, संध्याकाळी टाकीचं पाणी सोडून छतावर तळं करायचं. वरच्या मजल्यावरची घरं त्यामुळे खरंच निवत. उरलेलं पाणी पहाटेपर्यंत उडून जायचं. मीसुद्धा लहानपणी त्या पाण्यात पाय घालून अभ्यास केला आहे. समितीला थंडाव्याची एक बिनविजेची युक्ती हवी असती तर ती आमच्या छतावर होती. फक्त एक गोष्ट करायची असते: जून लागायच्या आत विटा काढायच्या. वर्षानुवर्षं ते वडील करायचे. ते गेल्यापासून प्रत्येकाला वाटत होतं की दुसरं कुणीतरी काढत असेल.

आई कणीक मळत होती. मी गाठोडं तिच्यासमोर ठेवलं.

"आई, ह्या कधी काढायच्या असतात?"

"पावसाआधी." तिने विटेकडे पाहिलं. "अगं बाई, आहे का अजून ती?"

"चारही आहेत. किती वर्षं आहेत कोण जाणे."

"मग काढायच्या होत्या. घरात इंजिनिअर असताना म्हातारीने जिना चढायचा का?"

"आई, ह्याच्यामुळे ब्लॉक पाडताहेत."

तिने हाताची कणीक खरवडून काढली. मग म्हणाली, "विटेमुळे पाडताहेत, की त्यांना पाडायचाय आणि वीट सापडली? तू नीट विचार करून सांग. तुझं शिक्षण झालंय."

मी विचार केला, आणि तो सोयीचा नव्हता. आईचं म्हणणं खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं माझं होतं. मेंटेनन्सचा माणूस त्या छतावर कित्येक वर्षांत गेला नव्हता, कारण आमच्याकडे रीत अशी की तक्रार वहीत नोंदली गेली तरच माणूस जातो. वरच्या मजल्यावरचे लोक तक्रार करत नव्हते, कारण मोऱ्यांत विटा कुणी घातल्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मेंटेनन्सची प्रमुख त्याच छताखाली गादी घालून झोपत होती, डागाकडे बघत, त्याचा आकार हळूहळू एखाद्या राज्याच्या नकाशासारखा होतोय असं मनात म्हणत.

मिस्त्रींनी दोन दिवस छत ठोकून पाहिलं. त्यांचा निकाल हिरव्या कव्हरापेक्षा लहान होता. "छत अच्छी है. कोना फटा है, पीपल की जड़ ने. पंद्रह दिन का काम है." छत आणि कठडा जिथे जुळतात तिथला गोलवा फुटला होता आणि साचलेलं पाणी तिथून भिंतीत आणि स्लॅबच्या कडेत उतरत होतं. उरलेला स्लॅब खणखणीत होता.

मी साहेबांकडे गेले.

"दुरुस्ती?" ते म्हणाले. "मॅडम, कंडमच्या प्रस्तावातल्या इमारतीवर मोठी दुरुस्ती करता येत नाही. नियम आहे."

"इमारत वाईट आहे म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून इमारत वाईट."

"तुम्ही शब्दांत फार जाता."

"मग नियमात जाते. लोक राहताहेत तोवर वहीतली तक्रार निकालात काढावीच लागते. तोही नियमच आहे."

ते हसले. त्यांना वाटलं मी बोलण्यापुरतं बोलले.

त्या संध्याकाळी आई आठही घरांत गेली. तिने प्रत्येकाला काय सांगितलं ते मला कधीच पूर्ण कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत तक्रारवहीत आठ नोंदी होत्या. छत गळते. छत गळते, प्लास्टर पडते. छत गळते, कोपऱ्यात पिंपळ आहे. एका बंगाली शेजाऱ्याने इंग्रजीत पानभर लिहिलं होतं आणि खाली 'धन्यवाद' मराठीत. आमच्या घराची तक्रार आईने स्वतःच्या नावाने नोंदवली होती, मेंटेनन्स विभागाच्या बेफिकिरीबद्दल दोन कडक वाक्यांसकट. ती वही माझ्याच टेबलावर येणार हे तिला चांगलं माहीत होतं.

मोठी दुरुस्ती नव्हे, आठ किरकोळ तक्रारी. त्यांच्यासाठी रोजच्या स्टोअरमधलं सिमेंट आणि रोजचीच माणसं. मिस्त्रींनी पिंपळ मुळासकट काढला, मुळं जिथवर गेली होती तिथवर फोडलं, छत उन्हात वाळू दिलं, गोलवा नव्याने केला, पाइप वरून खालपर्यंत साफ केले. गंजलेली सळई घासून तिथलं प्लास्टर भरलं. सोळा दिवस लागले. एक दिवस जास्त झाला म्हणून ते माझ्याकडे दिलगिरी व्यक्त करायला आले.

मग मी समितीला लेखी कळवलं की छताची पाण्याची चाचणी आहे, कृपया हजर राहावं. चाचणी सोपी असते. मोऱ्या बंद करायच्या, छतावर पाणी भरायचं, तीन दिवस उभं ठेवायचं आणि खालून बघायचं. मोऱ्या बंद करायला मिस्त्रींनी आईच्याच विटा मागून घेतल्या. खालच्या छतांवर जे जुने डाग होते त्यांच्या कडेने मी खडूने रेघ ओढून ठेवली, म्हणजे ओल सरकली तर कुणाला वाद घालता येऊ नये.

चौथ्या दिवशी सकाळी साहेब, संपदा अधिकारी आणि विद्युत विभागाचे एक गृहस्थ आमच्या बैठकीच्या खोलीत उभे होते आणि वर बघत होते. डोक्यावर तीन दिवसांचं पाणी, मध्ये स्लॅब. दिवाळी नुकतीच झाली होती. आईने चकल्यांची ताटली आणली.

"साब, इतना ऊपर मत देखो, मान अकड जाएगी," ती तिच्या हिंदीत म्हणाली. "बैठो. गिरना होगा तो बैठे पे भी गिरेगा."

संपदा अधिकारी पटकन खिडकीच्या बाजूला सरकले. मिस्त्री दारात उभे होते, त्यांनी तोंड जिन्याकडे वळवलं.

विद्युतवाल्या गृहस्थांनी खुर्चीवर चढून खडूच्या रेघेजवळ बोट लावलं, बोट पाहिलं, पुन्हा लावलं. "सूखा है," ते म्हणाले आणि असे खाली उतरले जणू त्यांचाच काही दोष असावा. आठही घरांत तेच झालं. डाग रेघेच्या आतच होते, कोरडे. माझ्या नकाशाने सीमा ओलांडली नव्हती. नंतर सगळे छतावर गेले. मला वाटतं समिती म्हणून ते त्यांचं पहिलंच छत असावं. साहेबांनी बूट काढले नाहीत, त्यामुळे ते दारातच थांबले.

जिना उतरताना ते मला म्हणाले, "इमारत ठीक आहे, मान्य. पण प्रस्ताव वर गेलाय, मॅडम. चित्रासकट गेलाय. आता गळती हा एकच मुद्दा नाही."

"मग अहवालात तो एकच का आहे?"

त्यांना चकली आवडली होती, तेवढं मात्र आईला सांगायला सांगितलं.

मी टिपणी लिहिली. चार पानं, साधा कागद, कव्हर नाही. त्यात इमारत राहण्यायोग्य आहे असं लिहिलं. विटा भाजताना जो कोळसा जळायचा तो माझ्या जन्माआधी जळून गेला आहे, ही इमारत पाडून दुसरी बांधायची म्हणजे तो सगळा पुन्हा जाळायचा आणि वर काचेला थंड ठेवण्यासाठी दरवर्षी आणखी जाळत राहायचा, असंही लिहिलं. आणि कारण या मथळ्याखाली लिहिलं: छतावरच्या मोऱ्या रहिवाशांनी उन्हाळ्यात बंद केल्या व पावसाआधी उघडल्या नाहीत, या रहिवाशांत खाली सही करणारीचे कुटुंब आहे, सदर छताची नियमित पाहणी मेंटेनन्स विभागाने अनेक वर्षे केलेली नाही, या विभागाची जबाबदारी खाली सही करणारीची आहे.

हे शेवटचं लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण मग गळतीचं कारण काय सांगणार? आणि कारण न सांगता छत बरं झालं म्हणणं म्हणजे अंगाऱ्याचा कारभार झाला असता.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद होते: माझी टिपणी आणि कंडमचा फॉर्म. फॉर्मवर दोन सह्या झालेल्या.

"हे तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती, हे मला कबूल केलं पाहिजे. "हे रेकॉर्डवर गेलं तर तुमच्यावर कारवाई होते. येत्या यादीत तुमचं प्रमोशन आहे."

"माहीत आहे."

"टिपणी मागे घ्या. इथे सही करा. नव्या इमारतीच्या टीममध्ये मी तुम्हाला घेतो. अहो, तुमच्यासारखी माणसं तिथे हवीत. तुम्हाला मेंटेनन्स कळतं."

"तिथली काच पुसायला कोण आहे?"

"काय?"

"आमच्या मिस्त्रींनी विचारलंय."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, एक जुना ब्लॉक आहे. देशात असे हजारो आहेत. तुम्ही किती वाचवणार?"

"माझ्या सहीला आलेला हा एक आहे. बाकीच्यांच्या सह्या दुसऱ्या कुणाकडे असतील."

"आणि मी तुमची बदली केली तर?"

"मग जो येईल त्याच्याकडे हा फॉर्म न्या. पण फाइलमध्ये माझी टिपणी असेल आणि चाचणीच्या कागदावर तुमचीही हजेरी आहे. त्याला आधी छतावर जावंच लागेल."

त्यांनी फॉर्म माझ्या बाजूला आणखी थोडा सरकवला, पेन त्याच्यावर ठेवलं आणि फोनवर कुणाशी तरी बोलू लागले, मला विचार करायला वेळ देण्यासाठी असावं. मी फॉर्म वाचला. 'मी प्रत्यक्ष पाहणी करून प्रमाणित करते की' अशी सुरुवात होती. मी पेनाला टोपण लावलं, टिपणी त्यांच्या आवक ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवली आणि बाहेर आले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. फाइल वर गेली, वरून खाली आली, आणि तिच्यावर 'तूर्त स्थगित' असा शेरा पडला. सरकारी कारखान्यात याच्याइतका पूर्ण विजय मला दुसरा माहीत नाही. चोवीस कुटुंबं जिथे होती तिथे राहिली. कुणी पेढे वाटले नाहीत, कारण काहीच घडलं नव्हतं. मेंटेनन्स नीट झालं की काहीच घडत नाही. त्या वर्षीच्या प्रमोशनच्या यादीत माझं नाव नव्हतं, आणि त्याच आठवड्यात मला एक पत्र आलं. कर्तव्यात हलगर्जीपणा झाल्याबद्दल सक्त ताकीद, सेवापुस्तिकेत नोंद घेण्यात येत आहे.

मी ते घरी नेऊन आईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे छत बघायला हवं होतं आणि तू बघितलं नाहीस, असंच ना?"

"असंच."

"मग बरोबरच लिहिलंय की," ती म्हणाली. "पहिल्यांदा कुणीतरी नीट लिहिलं."

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याची सही करून ती परत पाठवायची होती. ती सही मी तिथल्या तिथे केली.